घरकुल वसाहतीसाठी वावर मागताहेत, संमतीपत्रावर सही करू का?

धुऱ्यावरचा

नमस्कार. मी वर्धा जिल्ह्यातला. गावाचं नाव लिहीत नाही, कारण गावात अजून बोलणी सुरू आहेत आणि माझ्या लिहिण्यानं कोणाचं काही बिघडू नये. तालुक्याचं ठिकाण आमच्यापासून सहा किलोमीटर. बाबा २०१९ मध्ये गेले, तेव्हापासून वावर मीच पाहतो. १ हेक्टर ४२ आर, म्हणजे साडेतीन एकर, एकाच गटात, काळी भारी जमीन. खरिपात कापूस, त्यात तुरीचे तास, विहिरीवर हरभरा आणि थोडा गहू.

मागच्या महिन्यात ग्रामपंचायतीत बैठक झाली. गृहनिर्माणाचं काम पाहणाऱ्या सरकारी मंडळाचे दोन अधिकारी, मंडळ अधिकारी आणि तलाठी आले होते. भिंतीला नकाशा लावला होता. लाल रेघेत घेरलेली ९२ एकर जमीन, ३१ खातेदार. तिथं गरिबांसाठी आणि कमी उत्पन्नवाल्यांसाठी मोठी वसाहत करायची आहे, दोन टप्प्यांत. आमचा गट बरोबर मधात, डांबरी रस्त्याला लागून. जमीन थेट खरेदीनं घेणार, संमतीपत्र १५ दिवसांत द्या म्हणाले. न दिल्यास सक्तीनं संपादन होईल आणि मग जे मिळेल ते घ्यावं लागेल, असं त्यांच्यातले एक साहेब बोलले. दर विचारला तर तो जिल्ह्याची समिती ठरवेल म्हणे. म्हणजे दर माहीत नसताना संमती द्यायची. मी सही केली नाही, कागद घरी घेऊन आलो. तो देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवलाय. आई येता-जाता त्याच्याकडे पाहते आणि काही बोलत नाही.

घरं होऊ नयेत असं माझं म्हणणं नाही, हे आधीच लिहून ठेवतो. आमच्याकडे वेचणीला एक काकू येतात. मी शाळेत होतो तेव्हापासून येतात. गावठाणाच्या बाहेर, झुडपी रानाच्या कडेला त्यांचं घर आहे, कुडाच्या भिंती आणि वर टिना. २०२२ च्या जुलैत पाऊस थांबतच नव्हता, तेव्हा त्या रात्री दोनच्या सुमारास आमच्या ओसरीवर आल्या होत्या. दोन नातवंडं सोबत, आणि पदराखाली छातीशी धरलेली पन्नी. त्यात राशनकार्ड, आधार आणि घरकुलाच्या अर्जाची पावती. बाकी सगळं त्यांनी घरात सोडून दिलं होतं. ती पावती अजून त्यांच्याकडे आहे, घर नाही. त्यांच्यासारखी पस्तीस-चाळीस घरं आमच्या गावात निघतील. म्हणून मी विरोधाचा झेंडा घेऊन उभा राहू शकत नाही. ज्या हातांनी माझं वावर निंदलं, वेचलं, त्याच हातांना तिथं घर मिळणार असेल तर मी नाही कसं म्हणू? पण कशावर सही करतोय ते मला कळलं पाहिजे.

माझ्या अडचणी सांगतो. पहिली विहिरीची. बाबांनी १९९८ मध्ये आईच्या पाटल्या मोडून ती खोदली. ४२ फूट, खाली पाझर चांगला, मे महिन्यातही दोन तास मोटर चालते. पण कुठल्या योजनेतून नाही, स्वतःच्या पैशानं केली, त्यामुळे सातबाऱ्यावर तिचा कुठंच उल्लेख नाही. जमीन कागदावर कोरडवाहूच आहे. बैठकीत एक जण म्हणाला की कागदावर जे आहे तेच धरतील. घरी सांगितलं तर आईनं एवढंच विचारलं, "विहीर बी घेतीन का?"

दुसरी अडचण घरातली. आजोबा १९८७ मध्ये वारले, तेव्हा वारसाच्या फेरफारात बाबांसोबत दोन आत्यांची नावं चढली. ती आजही आहेत. आत्यांनी कधी पिकातलं पसाभर धान्य मागितलं नाही. आता माझा धाकटा भाऊ म्हणतो, दर जाहीर व्हायच्या आत त्यांच्याकडून हक्कसोड करून घेऊ, नंतर भाव कळल्यावर त्यांची पोरं ऐकणार नाहीत. मला ते बरोबर वाटत नाही, पण घरात भांडणही नको आहे.

तिसरं म्हणजे गावाला लागून साठ-सत्तर एकर झुडपी पडून आहे. बोरी, बाभळी, तरवड, दुसरं काही नाही. ती सोडून पिकती काळी जमीन का घेतात? बैठकीत हे विचारलं तर साहेब फक्त "ती घेता येत नाही" म्हणाले. का घेता येत नाही ते कोणी सांगितलं नाही.

१५ दिवसांतले सहा उरले आहेत. ज्यांना अनुभव आहे त्यांनी सांगावं.

निवृत्त महसूलवाला

भाऊ, मी ३३ वर्षं महसूल खात्यात काढली. आधी तलाठी, मग मंडळ अधिकारी. तुमची पोस्ट दोनदा वाचली. थोडं लांब लिहितो, सांभाळून घ्या.

आधी ते १५ दिवस. थेट खरेदीत संमती नाही दिली म्हणून तुमची जमीन कोणी उचलून नेत नाही. थेट खरेदी हा शेवटी सौदा आहे. राज्यात १२ मे २०१५ च्या शासन निर्णयानं ती पद्धत आली. जिल्हाधिकाऱ्यांची समिती २०१३ च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे मोबदला काढते आणि त्यावर २५ टक्के वाढवून देते. सौदा जमला नाही तर त्यांना त्याच कायद्यानं रीतसर संपादन करावं लागतं. तिथं तो २५ टक्क्यांचा भाग मिळत नाही, हे खरं. पण "मिळेल ते घ्यावं लागेल" हे खरं नाही. रीतसर संपादनात निवाडा, म्हणजे मोबदल्याचा लेखी निर्णय होतो, आणि तो पटला नाही तर हरकत राखून पैसे उचलून कलम ६४ खाली वाढीव मोबदल्यासाठी जाता येतं. निवाड्याच्या वेळी तुम्ही हजर असाल तर मुदत फक्त सहा आठवड्यांची, ती चुकवू नका. थेट खरेदीत हा मार्ग बंद. खरेदीखतावर सही झाली की विषय संपला. म्हणून दर लेखी हातात आल्याशिवाय सही नको.

दर कसा निघतो ते एकदा समजून घ्या. मूळ किंमत काढताना शीघ्रसिद्ध गणकाचा, म्हणजे रेडी रेकनरचा दर पाहतात आणि गावातल्या व आसपासच्या मागच्या तीन वर्षांतल्या खरेदीखतांमधली वरच्या भावाची अर्धी खतं घेऊन त्यांची सरासरी काढतात. जे जास्त भरेल ते धरायचं. इथंच आपले लोक मार खातात. मुद्रांक वाचवायला आपण खरेदीखत रेडी रेकनरच्या भावात लिहितो आणि वरचे पैसे पिशवीत देतो. मग सरकार भाव काढायला बसलं की गावाची सगळी खतं स्वस्त निघतात. एखादं खरं खत, म्हणजे बँकेचं कर्ज काढून घेतलेल्या जमिनीचं किंवा रस्त्यालगतच्या तुकड्याचं, दुय्यम निबंधकाकडून शोधून त्याची नक्कल काढा. सगळ्या ३१ जणांनी मिळून हा खर्च केला तर माणशी किरकोळ येईल.

मूळ किमतीला गुणांक लागतो. ग्रामीण भागात तो १ ते २ च्या मधला, शहरापासूनचं अंतर आणि नियोजन क्षेत्र पाहून. त्यात विहीर, झाडं, पाईपलाईन यांची किंमत मिळवायची आणि येईल त्या रकमेइतकीच दिलासा रक्कम वर. समजा एकरी मूळ किंमत ६ लाख आली आणि गुणांक २ लागला, तर १२ लाख, दिलासा धरून २४, थेट खरेदीचे २५ टक्के धरून ३० लाख. गुणांक १ लागला तर हेच १५ लाखांवर येतं. तालुक्यापासून सहा किलोमीटर म्हणताय, म्हणजे नियोजन क्षेत्राची हद्द कुठवर आली आहे ते पाहावं लागेल. तुमच्या गटाला कोणता गुणांक लागणार हे लेखी विचारा. बैठकीत एवढा एकच प्रश्न विचारायचा ठरला तर हाच विचारा.

विहिरीचं होईल. तलाठ्याकडे विहीर आणि ओलिताच्या नोंदीचा अर्ज आजच द्या आणि पोच घ्या. सोबत कृषीपंपाची जुनी बिलं जोडा. वीजजोडणी ज्या वर्षीची, त्या वर्षापासून पाणी आहे हे त्यावरून दिसतं. मागच्या हंगामांच्या ई-पीक पाहणीत हरभरा-गहू ओलिताखाली भरला असेल तर उत्तमच. संयुक्त मोजणीच्या दिवशी स्वतः हजर राहा. विहिरीची खोली, बांधकाम, धुऱ्यावरचं प्रत्येक झाड पंचनाम्यात आलं का ते पाहूनच सही करा. फळझाडांचं मूल्यांकन कृषी विभाग करतो, सागासारख्या झाडांचं वन विभाग. पंचनाम्यातच झाड नसेल तर पुढं कोणी त्याची किंमत करणार नाही.

आत्यांबद्दल स्पष्ट लिहितो, राग मानू नका. भाव लपवून घेतलेली हक्कसोड मी नोकरीत कितीदा पाहिली. ती कोर्टात टिकली तरी घरात टिकत नाही. नावं सातबाऱ्यावर आहेत, थेट खरेदीत त्यांच्या सह्या लागणारच. त्यांना बोलवा, कागद दाखवा, भाव कळू द्या. मग त्यांनी स्वखुशीनं काही सोडलं तर तो त्यांचा मोठेपणा.

झुडपीचं उत्तर साहेबांनी द्यायला हवं होतं. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत मालगुजारीच्या काळापासून ही नोंद चालत आली. महसुलात ती झुडपी, आणि वनखात्याच्या दृष्टीनं जंगल. वर्षानुवर्षं ओढाताण चालली. २२ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं झुडपी जंगल हे वनच आहे असा निकाल दिला. १२ डिसेंबर १९९६ च्या आधीच्या वाटपांना त्यात संरक्षण आहे. नव्यानं काही करायचं तर वन कायद्याखाली केंद्राची परवानगी लागते. राहिलं गायरान. २०११ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं गावाच्या सामाईक जमिनींबद्दल कडक निकाल दिला, त्यानंतर ते देणंही सोपं राहिलं नाही. दुसरी योग्य जागाच नसेल तर सार्वजनिक कामाला देता येतं. म्हणून मंडळं खातेदारांच्या दारात येतात.

सिंचनाची पिकती जमीन शेवटचा पर्याय म्हणूनच घ्यावी असं २०१३ च्या कायद्यात आहे, हे तुम्हाला कोणीतरी सांगेल. आहे खरं. पण २०१८ मध्ये राज्यानं त्या कायद्यात दुरुस्ती केली. गरिबांची आणि परवडणारी घरं ज्यात येतात अशा काही प्रकल्पांना सामाजिक परिणामांचा अभ्यास आणि ती अट यांतून सूट देण्याचा अधिकार सरकारनं घेतला. त्या एका मुद्द्यावर लढाई उभी करू नका. मोबदल्याच्या तरतुदी मात्र या सुटीनं कमी होत नाहीत.

आणखी एक, जे सहसा कोणी मागत नाही. नागरीकरणासाठी जमीन घेतली तर विकसित जमिनीतला २० टक्के भाग मूळ जमीनमालकांना, ज्याची जेवढी गेली त्या प्रमाणात, देऊ करायचा अशी तरतूद कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे. संपादन आणि विकासाचा खर्च त्यांनी भरायचा. रस्त्यालगतचा एखादा गाळ्याजोगा तुकडा तुमच्या मुलाबाळांना राहिला तर बरं. थेट खरेदीच्या बोलणीतही हे मागा.

समृद्धीवाला शेतकरी

आमची अडीच एकर जमीन समृद्धी महामार्गात गेली, अमरावती जिल्ह्यात. थेट खरेदीनंच, पाचपट मोबदला. पैसे खरेदीच्या दिवशी खात्यात आले, त्यात काही खोट नाही.

मी तुम्हाला पैशाच्या पुढचं सांगतो. आमच्या गावात एकाच महिन्यात वीस-बावीस घरांत पैसा आला. सगळे एकदम जमीन शोधायला निघाले. आजूबाजूच्या चार गावांत तोवर जो भाव होता तो दोन महिन्यांत कुठच्या कुठं गेला. मी "थांबू, उतरेल" म्हणत आठ महिने थांबलो. उतरला नाही. शेवटी सोळा किलोमीटरवर पावणेदोन एकर घेतली, तीही मुरमाड. रोज मोटरसायकलनं जाणं-येणं. राखण होत नाही, रानडुकरं अर्धा हरभरा खातात. ज्यांनी इसार आधी देऊन ठेवला ते वाचले. म्हणून सही करायच्या आधी बदलीची जमीन पाहून ठेवा, नंतर नाही.

दुसरं, मोजणीत तुमचा सगळा गट जातो की काही आर मागं राहतात ते नीट पाहा. आमच्या भावाचे ११ आर रस्त्याच्या पलीकडं उरले. बंडी जायला वाट नाही, बखर फिरत नाही. आजही सातबारा आहे, पीक नाही. उरणारा तुकडा असेल तर तोही घ्या असं मोजणीच्या वेळीच लेखी द्या. आणि शेजाऱ्यांच्या पांदणीचंही बघा. तुमची जमीन गेल्यावर मागच्या वावरात जायची वाट वसाहतीच्या भिंतीत अडकू नये.

माझ्या वडिलांना वावर गेल्यावर सकाळी जायला जागा उरली नाही. दोन वर्षं ते चहा पिऊन रस्त्याच्या जाळीपर्यंत जायचे आणि परत यायचे. तुमच्या आईंचा विचार करा. जवळ थोडी का होईना जमीन घ्या.

आशाताई, सेलू तालुका

दादा, तुमच्या पोस्टमधल्या काकू वाचल्या आणि लिहायला बसले. माझी आई पण वेचणीलाच जायची. मी आशा सेविका आहे, रोज वीस-पंचवीस घरी फिरते, म्हणून सांगते.

घरकुल मंजूर होऊन पडलेले लोक आमच्याकडे कमी नाहीत. प्रपत्र ड, म्हणजे घरकुलाच्या यादीत नाव, पण पायाखालची जागा स्वतःची नाही. जागेचा आठ-अ नाही म्हणून पहिला हप्ता निघत नाही. जागा घ्यायला पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून पैसे मिळतात, आधी ५० हजार होते, आता १ लाखापर्यंत. पण रस्त्याजवळच्या गावात एक लाखात ५०० फूट विकत देणारा माणूस कुठं भेटते? म्हणून सरकारनं स्वतः जमीन घेऊन घरं बांधणं मला चुकीचं वाटत नाही. कोणाच्या तरी वावरातूनच ती जागा निघणार आहे, आणि तुम्ही एवढा विचार करून देताय म्हणून तुमच्याशी बोलते.

पण ती घरं काकूंनाच मिळतील का, हे तुम्ही बैठकीत विचारा. आम्ही विचारलं तर उत्तर मिळत नाही, सातबारावाल्यानं विचारलं तर मिळते. घरकुलाच्या ग्रामीण योजनेत माणूस आपल्या जागेवर स्वतः घर बांधतो, कमीत कमी २५ चौरस मीटरचं. वसाहतीची योजना वेगळी. त्यात सरकारी अनुदान वजा जाता बाकीची रक्कम लाभार्थ्यानं भरायची असते. वेचणीवाली बाई ती कुठून भरणार, तिला बँक कर्ज देणार का, ग्रामीणच्या यादीत नाव असलेल्याला हे घर चालेल का, आणि गावच्या लोकांसाठी काही घरं राखीव आहेत का? नाहीतर तुमच्या गावाची जमीन जाईल, तालुक्याचे लोक राहायला येतील आणि काकू झुडपीच्या कडेलाच राहतील.

आणि घर कसं आहे तेही पाहा. वर-खाली मजल्यांचं असेल तर शेळी कुठं बांधायची, पऱ्हाट्या कुठं रचायच्या? आमच्याकडे गॅस आहे, पण सिलिंडर संपला की चूलच पेटते. ज्या बाईच्या घरात दोन शेळ्या आहेत तिची ती बँक आहे. तिला तिसऱ्या मजल्यावर नेलं तर आधी शेळ्या विकाव्या लागतील.

अजून एक. तुमची जमीन गेली की काकूंची मजुरी पण जाते. तिचं काय, हे कोणी लिहिलं नाही म्हणून मी लिहिते.

निवृत्त महसूलवाला

आशाताई, बरं केलंत लिहिलंत, मी ते सोडूनच दिलं होतं. २०१३ च्या कायद्यात "बाधित कुटुंब" म्हणजे फक्त जमीनमालक नाही. संपादनाच्या आधी तीन वर्षं त्या जमिनीवर राबून पोट भरणारा शेतमजूर, कूळ, बटाईदार हेही त्यात येतात आणि पुनर्वसनाच्या लाभांना पात्र ठरतात. थेट खरेदीत मात्र व्यवहार सातबाऱ्यावरच्या नावाशी होतो, मजुराचं नाव त्यात कुठंच येत नाही. म्हणून खातेदारांनीच संमतीच्या अटींत लिहावं की आमच्याकडे नेहमी राबणाऱ्या भूमिहीन कुटुंबांना वसाहतीत प्राधान्य द्या. ग्रामसभेचा ठराव करून जोडा. ठराव बंधनकारक नाही म्हणून लोक टाळतात, पण फाईलमध्ये लागलेला कागद पुढं पंधरा वर्षं बोलतो, हे मी पाहिलं आहे.

धुऱ्यावरचा

सगळ्यांना मनापासून नमस्कार. आठ दिवसांनी लिहितोय, मधात धावपळ झाली.

संमतीपत्र दिलं नाही. आम्ही १९ खातेदार मिळून एकच लेखी अर्ज दिला. दर, गुणांक, कोणत्या योजनेतली घरं, गावासाठी किती, पांदण कुठून जाईल आणि २० टक्के विकसित जमिनीचं काय. पोच घेतली. पंधरावा दिवस गेला आणि काही झालं नाही. उलट अर्ज दिल्याच्या तिसऱ्या दिवशीच तलाठ्यांचा फोन आला होता की संयुक्त मोजणीला हजर राहा, दराचं पत्र समितीकडून आल्यावर देऊ.

दोन्ही आत्यांना मीच आणायला गेलो. भाऊ आधी तोंड फिरवून बसला होता. मोठी आत्या मोजणीच्या आदल्या दिवशी मुक्कामी आली. मी सगळे कागद तिच्यापुढं ठेवले. निवृत्त दादांनी मांडलेला हिशोब तिला वहीत करून दाखवला, गुणांक १ चा आणि २ चा, दोन्ही. ती बऱ्याच वेळानं म्हणाली, "मले पैशाचं नंतर पाहू. त्या विहिरीची माती मी बी काढली हाय. मी माहेरपणाला आली होती तवा." मला हे माहीत नव्हतं. भाऊ तिथंच बसला होता. हक्कसोडीचा विषय त्यानं नंतर काढला नाही.

मोजणीला भूमी अभिलेखचे दोघं आले होते, यंत्र घेऊन. गट पूर्ण जातो, तुकडा राहत नाही. विहिरीत टेप सोडली ती ४२ नाही, ४४ फूट भरली. गाळ काढला होता तेव्हाचं ते जास्तीचं असेल. १९९९ पासूनची वीजबिलं आईनं गव्हाच्या कोठीत जपून ठेवली होती, त्यांची गड्डी पंचनाम्याला जोडली. दोन आंबे, एक कडुनिंब, २२ साग. एक साग पंचनाम्यात सुटला होता, धाकट्या आत्यानं हात धरून दाखवला, मग लिहिला. ओलिताच्या नोंदीच्या अर्जाची पोच वेगळी घेतली आहे.

समृद्धीवाले दादा, तुमचं वाचून दुसऱ्याच दिवशी तीन किलोमीटरवरची दोन एकर पाहून आलो. विहीर नाही, पण जमीन काळी आहे. दराचं पत्र येईपर्यंत मालक थांबायला तयार आहे, अजून इसार दिला नाही. आईला सोबत नेलं होतं. तिनं चप्पल काढून ढेकूळ उचललं, फोडून पाहिलं आणि म्हणाली, "चालते."

आशाताई, तुमचे प्रश्न मी बैठकीत शब्दशः वाचून दाखवले. साहेबांनी लिहून घेतले. पहिल्या मजल्यापर्यंतच बांधायची एक रांग नकाशात आहे असं त्यांनी सांगितलं, पण ती घरं गावच्या लोकांना मिळतील असं लेखी द्यायला तयार झाले नाहीत. येत्या ग्रामसभेत ठराव ठेवतोय. काकूंना या म्हटलं तर म्हणाल्या, मी कधी गेली नाही, माह्यं काय काम? मी म्हटलं, तुमचीच सही पहिली हवी. त्यांनी अंगठा चालते का विचारलं. चालतो म्हटलं.

दराचं पत्र आलं की आकडे इथं टाकतो. निवृत्त दादा, तेव्हा गुणांक तेवढा तपासून द्या.